बाबासाहेब आणि गोरगरिबांचे आरोग्य

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की राज्यघटना, शिक्षण आणि धम्मदीक्षा आपल्या डोळ्यांपुढे येते. पण कामगाराच्या आणि बायाबापड्यांच्या जिवासाठी त्यांनी काय केले, हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसते. विहाराच्या या स्मरणिकेत तेवढेच लिहितो.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे बाबासाहेबांचा जन्म झाला. सुभेदार रामजी व भीमाबाई यांचे ते चौदावे अपत्य. चौदांपैकी जगली पाचच. भीम लहान असतानाच आईही गेली. शाळेत तहान लागली तर शिपायाने वरून ओतले तरच पाण्याचा घोट मिळायचा. पुढे मुंबईत परळच्या चाळीत, गिरणी कामगारांच्या वस्तीत, एका खोलीत त्यांनी अभ्यास केला. माता रमाईच्या पोटी पाच लेकरं झाली, हाती लागला एकटा यशवंत. १९२६ साली राजरत्न गेला तेव्हा बाप बॅरिस्टर होता. २७ मे १९३५ रोजी रमाईही गेल्या.

असल्या मरणाला आपल्याकडे नशीब म्हणतात. बाबासाहेबांनी ते कधी नशीब मानले नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले, तो माणुसकीचा हक्क होता. पण ज्याला पाणीच बंद, त्याचे आरोग्य कुठून राहणार? पुढे दहा वर्षे ते कोर्टात लढले. १९३७ साली हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

१९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात गिरणीतल्या बायांच्या बाळंतपणाच्या रजेचे बिल आले. बाबासाहेबांनी त्याला जोरदार पाठिंबा दिला. बाळंतिणीला विश्रांती मिळणे हे साऱ्या देशाच्या हिताचे आहे, आणि बाईच्या कष्टावर मालक नफा मिळवतो तर त्यानेही खर्चाचा वाटा उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली कायदा झाला.

१९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. कोळसा खाणीतल्या मजुरांसाठी १९४४ साली कल्याण निधी निघाला. १९४६ साली कारखान्यातले आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायचे काम त्यांच्याच खात्याने १९४३ साली प्रा. अडारकरांना दिले. १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा त्याच पायावर उभा राहिला. गिरणी कामगाराच्या खिशातले विम्याचे कार्ड म्हणजे कुणाची मेहेरबानी नव्हे, तो त्याचा हक्क आहे.

घटनेच्या ४२ व्या कलमात बाळंतपणाची सवलत आली, ४७ व्या कलमात लोकांचे पोषण आणि आरोग्य सुधारणे हे सरकारचे कर्तव्य ठरले. पण ही मार्गदर्शक तत्त्वे आहेत. मागणारा जागा नसेल तर ती कागदावरच राहतात. स्वतः बाबासाहेब मधुमेहाने जर्जर झाले होते, तरी काम सोडले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा आणि ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण.

आज आपला मराठवाडा पाहा. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचे प्रकरण विधिमंडळात गाजले. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ माणसे दगावली, त्यात १२ तान्ही लेकरं होती. ऊसतोड, वीटभट्टी, बिगारी कामावरच्या बाईकडे कसले कार्ड आहे? पैसेवाला खाजगीत जातो. सरकारी दवाखाना आपल्यासारख्यांचा, म्हणून तो चांगला चालणे हा आपलाच प्रश्न आहे.

तथागतांनी आजारी भिक्खूला स्वतःच्या हाताने धुतले, पुसले. विहारात वंदना झाल्यावर पंधरा मिनिटे काढून वस्तीत कोण गरोदर आहे, कोणाचे औषध संपले, कोणाच्या पोराची लस राहिली, याची वही ठेवू या. आणि दवाखान्यात डॉक्टर नसेल तर चारचौघे मिळून लेखी अर्ज देऊ या. एकट्याने हात जोडून नव्हे.

जय भीम! नमो बुद्धाय!