अंतर मोजणारा भिक्खू : ह्युएन त्संग

नालंदा, श्रावस्ती, कुशीनगर ही स्थळे आज आपले विद्यार्थी नकाशावर बोट ठेवून दाखवितात. दोनशे वर्षांपूर्वी ही नावे ग्रंथांत होती. पण ती ठिकाणे नेमकी कोठे, हे निश्चितपणे सांगता येत नव्हते. ती पुन्हा सापडली, त्यात सातव्या शतकातील एका चिनी भिक्खूच्या नोंदींचा वाटा फार मोठा आहे. त्या भदंत ह्युएन त्संग यांचे चरित्र या स्मरणिकेच्या वाचकांपुढे आम्ही आदरपूर्वक ठेवीत आहोत.

इ.स. ६०२ च्या सुमारास चीनमधील लोयांग नगराजवळ त्यांचा जन्म झाला. बालवयातच ते विहारात दाखल झाले. चिनी भाषेत उपलब्ध असलेल्या धम्मग्रंथांच्या अनुवादांत त्यांना परस्परविरोध आढळे. मूळ ग्रंथ पाहिल्यावाचून शंका फिटणार नाही, असे त्यांच्या मनाने घेतले. त्या काळी राज्याची सीमा ओलांडण्यास बंदी होती. तरीही इ.स. ६२९ च्या सुमारास ते गुप्तपणे निघाले. गोबीच्या वाळवंटात त्यांच्या हातून पाण्याची पखाल सांडली आणि चार रात्री व पाच दिवस त्यांना पाण्याचा थेंबही मिळाला नाही. तुर्फानच्या राजाने त्यांना गुरू म्हणून कायमचे ठेवून घेऊ पाहिले, तेव्हा अन्नत्याग करून त्यांनी पुढे जाण्याची अनुमती मिळविली. हिमाच्छादित पर्वतांत अनेक सोबती गमावून, समरकंद, बाल्ख, बामियान या मार्गाने ते भारतात आले.

काश्मीरमध्ये दोन वर्षे आणि नालंदा महाविहारात आचार्य शीलभद्रांजवळ काही वर्षे त्यांनी अध्ययन केले. पुढे पूर्व किनाऱ्याने कांचीपर्यंत जाऊन, इ.स. ६४१ च्या सुमारास ते महाराष्ट्रात आले. तेव्हा येथे चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी राज्य करीत होता.

आपल्या भूमीचे त्यांनी केलेले वर्णन आम्हांस विशेष मोलाचे वाटते. देशाचा घेर सुमारे सहा हजार ली, जमीन सकस, धान्य विपुल, हवा उष्ण. माणसे साधी, प्रामाणिक, मानी, उपकार स्मरणारी आणि अपमान न विसरणारी, अशी नोंद त्यांनी केली. शंभराहून अधिक विहार आणि सुमारे पाच हजार भिक्खू येथे होते. पूर्व सीमेवरील डोंगरात कोरलेल्या एका भव्य विहाराचे आणि त्याच्या दारातील दगडी हत्तींचेही वर्णन त्यांनी केले. हा विहार म्हणजे अजिंठ्याची लेणी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. हे हत्ती कधी कधी गर्जना करतात, अशी लोकांत वदंता होती. ती त्यांनी ऐकीव म्हणूनच लिहिली.

इ.स. ६४३ मध्ये सम्राट हर्षवर्धनाने कनौज येथे भरविलेल्या धर्मसभेत त्यांनी महायान मताचे प्रतिपादन केले. परतताना सिंधू नदीत नाव हेलकावली आणि सुमारे पन्नास हस्तलिखिते व फुलांची बियाणे वाहून गेली. गमावलेल्या ग्रंथांच्या प्रती करून आणण्यासाठी त्यांनी माणसे पाठविली. इ.स. ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन ते चांगआनला पोहोचले.

सम्राट ताइत्सुंग याने त्यांना राज्यपद देऊ केले. ते त्यांनी नम्रपणे नाकारले. मात्र प्रवासाचा वृत्तांत लिहावा ही सम्राटाची इच्छा मान्य करून, पुढच्याच वर्षी बारा भागांचा ग्रंथ त्यांनी शिष्याच्या साहाय्याने सिद्ध केला. त्यात १३८ देशांचे वर्णन आहे. ११० स्वतः पाहिलेले आणि २८ ऐकलेले, असा भेदही नोंदविलेला आहे. एका नगराहून दुसरे कोणत्या दिशेस व किती ली, वाटेत नदी कोणती, डोंगर कोणता, पीक कोणते, हा त्यांच्या लेखनाचा क्रम होता. उरलेले आयुष्य ग्रंथांच्या अनुवादात घालवून इ.स. ६६४ मध्ये त्यांचे निर्वाण झाले.

बाराशे वर्षांनंतर, इ.स. १८६१ पासून, अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी या ग्रंथाचा अनुवाद हाती धरून उत्तर भारत पायाखाली घातला. ग्रंथातील दिशा आणि अंतरे जुळवीत त्यांनी बडगाव येथील टेकाडांत नालंदा आणि सहेत-महेत येथे श्रावस्ती ओळखली. विहार कोसळले होते, राजवंश लोपले होते. पण एका भिक्खूने मोजलेली वाट शाबूत होती. आपला वारसा आपल्या हाती परत आला तो अशा प्रामाणिक नोंदींमुळे, हे आम्ही कृतज्ञतेने स्मरतो.

घोड आणि भीमा या नद्यांच्या मधल्या आपल्या शिरूर तालुक्यातही असे नोंदविण्याजोगे पुष्कळ आहे. कोणता ओढा किती महिने वाहतो, कोणत्या विहिरीला उन्हाळ्यात किती पाणी उरते, कोणते पीक कोणत्या वर्षी थांबले, हे निमोण्याच्या मुलामुलींनी वहीत उतरवावे. पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे लिहावे. पुढील पिढ्यांना त्या नोंदींचा आधार होईल. ज्ञानासाठी देश ओलांडणाऱ्या आणि मिळविलेले ज्ञान सर्वांसाठी मागे ठेवणाऱ्या या महान भिक्खूस आमचे विनम्र अभिवादन.