गणितानंद द. रा. कापरेकर

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक लाभले. पुढे १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे त्यांनी देवळालीच्या शाळेत अध्यापन केले. पदव्युत्तर पदवी नव्हती. अंकांचा ध्यास मात्र अखंड होता.

१९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचे नवल मांडले. सर्व अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहून मोठीतून लहान वजा करावी आणि उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ हाती येते आणि पुढे तीच संख्या कायम राहते.

अनेक विद्वानांनी हे संशोधन क्षुल्लक मानले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर झाले. १९८६ साली ते निवर्तले.

आम्ही त्यांचे जन्मवर्षच घेतले. ९५१० मधून ०१५९ वजा जाता ९३५१. मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीवर ६१७४! निधनाचे वर्षही सहा पायऱ्यांत तेथेच पोहोचते. मान्यतेची वाट न पाहता ज्ञानात रमलेल्या या शिक्षकास आमचे विनम्र अभिवादन.