हवेत पहिला गोल घेणारा वैमानिक : प्योत्र नेस्तेरोव



विमान म्हटलं की मुलं राईट बंधूंचं नाव सांगतात आणि थांबतात. त्यात त्यांची चूक नाही, आपल्या पुस्तकात तेवढंच असतं. पण १९०३ मध्ये विमान उडालं आणि १९१४ मध्ये ते महायुद्धात उतरलं. या मधल्या अकरा वर्षांत माणसं विमान चालवायला शिकली कशी, हे मुलांना सांगण्यासारखं आहे. त्यासाठी आज तुम्हाला रशियन साम्राज्यातल्या एका सैनिकाची ओळख करून देते. त्याचं नाव प्योत्र निकोलायेविच नेस्तेरोव.

नेस्तेरोव यांचा जन्म १८८७ मध्ये व्होल्गा नदीकाठच्या निझनी नोवगोरोद या शहरात झाला. वडील सैनिकी शाळेत शिकवायचे. ते लवकर वारले आणि आईने विधवांसाठीच्या आश्रयगृहात राहून मुलं वाढवली. प्योत्र वडिलांच्याच सैनिकी शाळेत शिकले, पुढे सेंट पीटर्सबर्गला तोफखान्याचं शिक्षण घेतलं आणि १९०६ मध्ये अधिकारी होऊन थेट व्लादिवोस्तोकला गेले. नकाशा काढून मुलांना दाखवा. घर एका टोकाला, नोकरी दुसऱ्या टोकाला, मध्ये अख्खा आशिया.

त्या वेळचा रशिया कसा होता तेही सांगायला हवं. १९०५ मध्ये जपानने रशियाला हरवलं होतं. एका आशियाई देशाने युरोपातल्या बलाढ्य सत्तेला हरवलं म्हणून आपल्याकडेही तेव्हा लोकांना आनंद झाला होता. रशियाचं आरमार बुडालं, देशात बंड झालं, झारचं आसन हलू लागलं. नवीन आरमार उभारायला लोकांकडून वर्गणी गोळा केली होती. त्यातले पैसे शिल्लक राहिले. झारचे मेहुणे अलेक्झांडर मिखाइलोविच यांनी ते पैसे विमानांकडे वळवले आणि १९१० मध्ये काही अधिकारी फ्रान्सला शिकायला पाठवले. रशियाचं सैनिकी विमानदल असं वर्गणीच्या उरलेल्या पैशातून सुरू झालं! विमानाचे आराखडे फ्रान्सचे, इंजिनं बहुतेक फ्रान्सची. आकड्यात बघाल तर १९१४ मध्ये रशियाकडे अडीचशेच्या आसपास विमानं होती, म्हणजे जगात कोणापेक्षा कमी नाही. पण इंजिन बिघडलं की सुटा भाग परदेशातून यायची वाट बघायची. घरात गाडी आहे पण टायर पंक्चर झाला तर दुसऱ्या गावाला जायचं, असा तो प्रकार.

व्लादिवोस्तोकला नेस्तेरोव निरीक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या फुग्यांच्या तुकडीत गेले आणि तिथून त्यांना आकाशाचं वेड लागलं. १९११ मध्ये गावी आल्यावर त्यांनी एका मित्राबरोबर ग्लायडर बांधलं आणि घोड्याला ओढायला लावून ते जमिनीवरून थोडं वर उचललं. त्याच वर्षी गात्चिना इथल्या अधिकाऱ्यांच्या वैमानिक शाळेत त्यांना प्रवेश मिळाला.

आता खरा मुद्दा. तेव्हा वैमानिकांना एक नियम घोकून घ्यावा लागे, की विमान कधी तिरकं करायचं नाही. वळायचं असेल तर पंख सपाट ठेवून हळूहळू वळायचं. पंख कलला की विमान पडणार, असं सगळे मानत. आणि ही भीती काही उगाच नव्हती, माणसं खरंच पडून मरत होती. नेस्तेरोव म्हणाले की पक्षी असा वळत नाही. पक्षी वळताना कलतो. हवेचा आधार फक्त खालून नसतो, विमानाला वेग असेल तर तो कुठल्याही बाजूने मिळतो. म्हणजे वळणावर कललंच पाहिजे, आणि हिशेब बरोबर असेल तर विमान पूर्ण उलटं होऊन परत सरळ होऊ शकतं.

सोबतचे अधिकारी हसले. शाळेच्या विनोदी मासिकात त्यांच्यावर कविता आली आणि त्यांनीही कवितेतच उत्तर दिलं. मला हा माणूस इथेच आवडायला लागला. रागावले नाहीत, भांडले नाहीत, कागदावर आकडेमोड करत राहिले.

पुढे त्यांची नेमणूक कीवला झाली, तिथल्या विमान तुकडीचे ते प्रमुख झाले. १९१३ च्या उन्हाळ्यात तीन विमानं एकत्र घेऊन त्यांनी लांबचं उड्डाण केलं. आणि मग तो दिवस आला, ९ सप्टेंबर १९१३. (रशियन पुस्तकात २७ ऑगस्ट दिसेल. तिथे तेव्हा जुनं कॅलेंडर चालायचं, ते तेरा दिवस मागे होतं. मुलांना हा प्रश्न हमखास पडतो.)

विमान न्यूपोर जातीचं, ७० अश्वशक्तीचं. आजच्या साध्या मोटारीचं इंजिनही याहून ताकदवान असतं. नेस्तेरोव हजार मीटरच्या आसपास उंचीवर गेले, इंजिन बंद केलं आणि विमान सरळ खाली सोडलं. वेग आला तसं इंजिन चालू करून नाक वर खेचलं. विमान वर चढलं, पाठीवर झालं, वैमानिकाचं डोकं जमिनीकडे, आणि गोल पूर्ण करून पुन्हा सरळ झालं. सगळा खेळ काही सेकंदांचा. जगात हे पहिल्यांदाच झालं होतं.

एक बारीक गोष्ट त्यांनी नंतर नोंदवली. विमानात हत्यारांची उघडी पेटी होती. विमान उलटं झालं तरी त्यातलं एकही हत्यार खाली पडलं नाही. इथे विज्ञानाचा तास आपोआप जुळतो. बादलीत पाणी घ्या आणि हात ताठ ठेवून जोरात गोल फिरवा. बादली डोक्यावर उलटी येते तरी पाणी सांडत नाही. हळू फिरवली तर मात्र अंगावर येतं. (हा प्रयोग मैदानात करा, वर्गात नको!) नेस्तेरोव यांची हत्यारांची पेटी म्हणजे हीच बादली.

कौतुक झालं का? कीवच्या हौशी विमानमंडळाने सुवर्णपदक दिलं. पण वरिष्ठांपैकी काहींना राग आला. सरकारी विमान, सरकारी पैसा, आणि हा गडी उलटासुलटा उडवतो म्हणजे काय! अटकेच्या शिक्षेची भाषा झाली. बारा दिवसांनी फ्रान्समध्ये पेगू नावाच्या वैमानिकाने असाच गोल घेतला आणि तो रातोरात प्रसिद्ध झाला. जगभर नाव गाजलं ते त्याचं. तेव्हा कुठे रशियन अधिकाऱ्यांना जाग आली. शिक्षा बाजूला राहिली आणि नेस्तेरोवना बढती मिळाली. आपल्या माणसाची किंमत बाहेरच्याने दाखवल्याशिवाय कळत नाही, हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. पेगू मात्र दिलदार निघाला. १९१४ मध्ये रशियात आल्यावर त्याने सर्वांसमोर सांगून टाकलं की पहिला मान नेस्तेरोव यांचा.

मे १९१४ मध्ये नेस्तेरोव कीवहून सेंट पीटर्सबर्गला एका दिवसात, सुमारे आठ तासांत उडत गेले. अंतर हजार किलोमीटरच्या वर. तीन महिन्यांत महायुद्ध सुरू झालं.

हा शेवटचा भाग मुलांना सांगताना मी जरा अडखळते. युद्धाच्या सुरुवातीला विमानांवर बंदुका नव्हत्या. विमानाचं काम टेहळणीचं. झोव्क्वा गावाजवळ (आज ते युक्रेनमध्ये आहे) ऑस्ट्रियाचं अल्बाट्रॉस विमान रशियन सैन्यावरून फिरायचं आणि त्याला थांबवायचं साधनच नव्हतं. ८ सप्टेंबर १९१४ ला नेस्तेरोव आपल्या हलक्या मोरान विमानातून एकटेच वर गेले, त्या विमानाच्या वर आले आणि त्यावर जाऊन आदळले. चाकांचा धक्का देऊन त्याला पाडायचं आणि आपण सुखरूप उतरायचं, असा त्यांचा विचार असावा, असं बरेच जण मानतात. पण दोन्ही विमानं कोसळली. नेस्तेरोव गेले आणि ऑस्ट्रियन विमानातले दोघेही गेले. नेस्तेरोव अवघे २७ वर्षांचे होते. मागे पत्नी आणि दोन लहान मुलं.

रशियात या धडकेचंच कौतुक जास्त झालं. मरणोत्तर मोठं शौर्यपदक मिळालं आणि दुसऱ्या महायुद्धात शेकडो सोव्हिएत वैमानिकांनी अशा धडका दिल्या. माझं मत विचाराल तर त्यांचं मोठं काम गोल घेण्याचं आहे. वळताना विमान कलवायचं, हे आज प्रत्येक वैमानिक पहिल्या काही दिवसांतच शिकतो. धडक ही बंदूक नसलेल्या विमानदलाची लाचारी होती. वर्गात मी हे सांगते तेव्हा काही मुलं वाद घालतात, विशेषतः मुलगे. घालू द्यावा.

त्या दिवशी धडकलेल्या विमानांपैकी एक फ्रेंच बनावटीचं, दुसरं जर्मन बनावटीचं. त्यांच्यावर झेंडे होते ती दोन्ही साम्राज्यं १९१८ संपेपर्यंत नकाशावरून गेली. झोव्क्वा गावाला सोव्हिएत काळात, १९५१ मध्ये, नेस्तेरोव हे नाव दिलं गेलं. १९९२ मध्ये स्वतंत्र युक्रेनने जुनं नाव परत ठेवलं. मात्र हवाई कसरतींच्या जागतिक स्पर्धेत १९६२ पासून विजेत्या संघाला जो चषक देतात, तो नेस्तेरोव चषक म्हणूनच ओळखला जातो.