नांदायला न गेलेल्या रखमाबाई

मैत्रिणींनो, ‘नांदायला ये’ अशी वकिलाची नोटीस घरात येऊन पडली की काय होतं, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. आईला रडू फुटतं, वडील गप्प होतात आणि शेजारीपाजारी सल्ले द्यायला हजर! अशा वेळी मला हटकून डॉ. रखमाबाई आठवतात. त्यांच्या घरी अशी नोटीस आली ती १८८४ साली.

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा, मुंबईतला. वडील लवकर गेले. त्यांच्या सुतार समाजात विधवेला पुन्हा लग्न करता येई, म्हणून आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी संसार मांडला. रखमाचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लागलं; पण तिला सासरी धाडायची घाई सावत्र वडिलांनी केली नाही. ती आईकडेच राहिली, वाचत राहिली. दादाजींनी मात्र शिक्षण सोडलं. मोठेपणी रखमाबाईंनी त्यांच्याकडे जायला साफ नकार दिला आणि प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं.

खटला चालू असतानाच, एप्रिल १८८५ मध्ये, सखाराम अर्जुन वारले. घरातला मोठा आधार गेला, तरी रखमाबाई डगमगल्या नाहीत. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. मग काय, गदारोळ उठला! धर्म बुडाला म्हणून ओरड झाली, टिळकांच्या ‘केसरी’नेही विरोध केला. अपिलात निकाल फिरला आणि मार्च १८८७ मध्ये कोर्टाने बजावलं : महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंगात जायची तयारी दाखवली.

बावीस वर्षांची मुलगी हो! मला तर विचार करूनच धडकी भरते.

तुरुंगाची वेळ आली नाही. १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी तडजोड केली. लगेच पुढच्या वर्षी रखमाबाई डॉक्टरी शिकायला लंडनला गेल्या. १८९५ पासून सुरतेत आणि पुढे राजकोटला त्यांनी बायकांसाठी वर्षानुवर्षं दवाखाने सांभाळले. पुन्हा लग्न केलं नाही.

या खटल्याने बालविवाहाचा प्रश्न देशभर गाजला आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला बळ मिळालं. नांदायला न गेल्याबद्दलची तुरुंगाची शिक्षा मात्र १९२३ मध्ये रद्द झाली. दावा तेवढा राहिला. मे १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा आला, त्याच्या कलम ९ मध्ये तो पुन्हा आलाच. चारच महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ ला, नव्वदीतल्या रखमाबाईंनी डोळे मिटले. इंग्रजांनी हा दावा आपल्याकडे आणला, त्यांनी स्वतःच्या देशात तो १९७० मध्ये मोडीत काढला. आपल्या सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्ये कलम ९ वैध ठरवलं. २०१९ मध्ये त्याला नव्याने आव्हान दिलं गेलं.

जानेवारी २०२५ मध्ये झारखंडच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने मोलाची गोष्ट स्पष्ट केली. नवऱ्याने नांदण्याचा हुकूम मिळवला आणि बायको गेली नाही, तरी तेवढ्यानेच तिची पोटगी बुडत नाही. न जाण्यामागे सबळ कारण आहे का, हे कोर्टाने पाहायला हवं.

म्हणून सांगते, अशी नोटीस आली तर घाबरून पेटीत दडवू नका. पोलीस बेड्या घालून सासरी नेत नाहीत. पण तारखेला गैरहजर राहिलात तर निकाल एकतर्फी लागू शकतो. मारहाण झाली असेल तर दवाखान्याचे कागद जपून ठेवा. वकिलाला पैसे नसतील तर तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जा. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

रखमाबाईंना नकाराची किंमत तुरुंगाच्या दारापर्यंत जाऊन मोजायला लागली. आपल्याला निदान आपलं कारण कोर्टापुढे मांडता येतं. ते नीट मांडू या.