कै. विष्णुशास्त्री चिपळूणकर

सुधारणेचा कैवार घेणाऱ्या आमच्या पत्रानें जुन्या मताच्या या कट्टर लेखकाचें चरित्र द्यावें, याचें कित्येक वाचकांस नवल वाटेल. परंतु ज्यानें मराठी पत्रकर्त्यास सरकारपुढें ताठ मानेनें लिहावयास शिकविलें, त्याचें ऋण मतभेदाच्या सबबीवर बुडविणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

शास्त्रीबोवांचा जन्म पुण्यास १८५० सालीं झाला. नामांकित विद्वान् कृष्णशास्त्री हे त्यांचे वडील. १८७२ त बी. ए. होऊन ते शिक्षक झाले, आणि १८७४ च्या जानेवारींत त्यांनीं ‘निबंधमाला’ काढली. सात वर्षांत तिचे ८४ अंक निघाले. त्यांतील बहुतेक मजकूर त्यांच्या एकट्याच्या हातचा. इंग्रजी विद्येनें दिपलेल्या तरुणांस स्वभाषेची लाज वाटूं नये, एवढ्यासाठीं हा खटाटोप होता. पुढें रत्नागिरीस बदली झाली, व १८७९ त त्यांनीं सरकारी चाकरीच सोडली. १८८० त टिळकादि मंडळीसह न्यू इंग्लिश स्कूल व १८८१ च्या जानेवारींत ‘केसरी’ आणि ‘मराठा’ हीं पत्रें निघालीं. चित्रशाळा, आर्यभूषण छापखाना, किताबखाना हे उद्योग निराळेच. पगार सोडून दुकान मांडण्यांत या शास्त्र्यास कमीपणा वाटला नाहीं, हें आमच्या व्यापारी वाचकांस आवडेल.

आतां आमची तक्रार. जोतीराव फुले यांची ‘गुलामगिरी’ १८७३ त प्रसिद्ध झाली. जातीच्या जुलमाची ती उघड फिर्याद होती. शास्त्रीबोवांनीं तिचा जबाब देण्याऐवजीं जोतीरावांच्या भाषेचें व व्याकरणाचें यथेच्छ हंसें केलें. आम्ही वकिलीच्या धंद्यांतले. अशुद्ध बोलतो म्हणून साक्षीदार खोटा, असा निकाल कोणत्याही मुनसफाच्या कोर्टांत आम्हीं ऐकिलेला नाहीं. लोकहितवादींसही त्यांनीं असेंच झोडपलें. स्वदेशाचा अभिमान सांगणाऱ्यानें त्याच देशांतील बहुजनांच्या दुःखाकडे पाठ फिरवावी, ही त्यांच्या लेखणीची मोठी उणीव होय; ती झांकून त्यांची स्तुति करणारांशीं आमचें जमणार नाहीं.

मात्र ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर हे पक्के सुधारक होते, आणि शास्त्रीबोवांनीं त्यांच्याशीं एका पत्रांत संसार केला, हेंही नमूद केलें पाहिजे. ता. १७ मार्च १८८२ रोजीं, वयाचीं बत्तीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, ते वारले. त्याच वर्षीं कोल्हापूर प्रकरणांत टिळक-आगरकरांस तुरुंगवास घडला. तो पाहावयास ते उरले नव्हते. देशस्थितीवरील त्यांचा अखेरचा निबंध सरकारनें पुढें १९१० त जप्त केला. लेखकास जाऊन तेव्हां अठ्ठावीस वर्षें झालीं होतीं.