'लेडी विथ द लॅम्प' सगळ्यांना माहितीये, पण त्याच नाईटिंगेलबाईंचं म्हातारपण कसं गेलं?

हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांच्या खाटांमधून फिरणारी बाई. फ्लॉरेन्स नाईटिंगेल म्हटलं की एवढंच चित्र डोळ्यासमोर येतं. १२ मे आला की नर्सेस डेचे मेसेज फॉरवर्ड होतात आणि विषय संपतो.

पण जरा हिशोब करा. क्रिमियाच्या युद्धावेळी नाईटिंगेलबाई नोव्हेंबर १८५४ मध्ये स्कुटारीच्या लष्करी हॉस्पिटलमध्ये पोहोचल्या आणि ऑगस्ट १८५६ मध्ये इंग्लंडला परतल्या. म्हणजे दिवा घेऊन फिरणं झालं जेमतेम पावणेदोन वर्षं. त्या गेल्या १९१० मध्ये, वयाच्या ९० व्या वर्षी. मधल्या ५४ वर्षांतला बराच काळ त्या स्वतःच खाटेवर होत्या.

झालं असं की मे १८५५ मध्ये क्रिमियातच त्यांना जबर ताप आला. तो ब्रुसेलोसिस असावा असं आजचे अनेक अभ्यासक मानतात. त्यातून त्या वाचल्या, पण १८५७ मध्ये तब्येत पुन्हा कोसळली. पाठीचं दुखणं, धडधड, अशक्तपणा. १८६१ च्या अखेरीनंतर काही वर्षं तर त्यांना चालताही येईना. वय होतं ४१.

म्हणजे दुसऱ्याच्या हातून पाणी घ्यायला लागतं तेव्हा काय वाटतं, हे त्यांना आतून माहिती होतं. १८५९ मध्ये लिहिलेल्या 'नोट्स ऑन नर्सिंग' या पुस्तकात ते जागोजागी दिसतं. पेशंटला बेडसोर झाला तर बहुतेक वेळा दोष आजाराचा नसून शुश्रूषेचा असतो, असं त्यांनी त्यात स्पष्ट सांगितलंय. दाराबाहेर उभं राहून कुजबुजू नका, उगाच खोटा धीर देऊ नका, रोज त्याच चार भिंती बघून माणूस आतून खचतो म्हणून खिडकी, फुलं, रंग दिसू द्या. एखादा छोटा पाळीव प्राणी सोबतीला असला तर उत्तम. त्यांच्या स्वतःच्या घरात कायम मांजरं असायची.

ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेली आजी किंवा आजोबा आहेत, त्यांनी ही यादी पुन्हा वाचावी. म्हातारपणी कातडी पातळ होते, तिच्याखालची चरबी कमी होते. त्यामुळे एकाच कुशीवर पडून राहिलं की हाडाच्या जागी जखम व्हायला वेळ लागत नाही. सतत कूस बदलायला सांगतात ते याचसाठी.

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये त्यांच्या नावाचं नर्सिंग स्कूल सुरू झालं, हे बहुतेकांना माहिती असतं. कमी सांगितली जाते ती वर्कहाऊसची गोष्ट. वर्कहाऊस म्हणजे निराधार गरिबांना ठेवायची जागा. थकलेली म्हातारी माणसं, आजारी, मनोरुग्ण, लहान मुलं, सगळे तिथेच. आणि आजाऱ्यांचं करणार कोण? तर तिथल्याच दुसऱ्या गरीब बायका, ज्यांना कसलंच ट्रेनिंग नव्हतं. १८६५ मध्ये लिव्हरपूलच्या वर्कहाऊसमध्ये ॲग्नेस जोन्स आणि नाईटिंगेल स्कूलच्या १२ नर्सेस गेल्या. तीन वर्षांत ॲग्नेस टायफसने गेली. नाईटिंगेलबाई मात्र खाटेवरूनच मंत्र्यांच्या मागे लागल्या होत्या. आजारी माणूस गरीब असला तरी आधी तो आजारी आहे, आणि कधीच बऱ्या न होणाऱ्या माणसालाही वेगळी देखभाल लागते, हा त्यांचा मुद्दा. १८६७ मध्ये लंडनपुरता कायदा झाला. मागितलं होतं त्यापेक्षा कमीच मिळालं, पण सुरुवात झाली.

मग त्यांच्या घरातच म्हातारपण येऊन बसलं.

१८७४ च्या जानेवारीत वडील अचानक गेले. वारसाहक्काच्या अटीमुळे एम्बलीचं घर आत्याकडे गेलं आणि ऐंशी ओलांडलेल्या आईला ते सोडावं लागलं. आईची नजर गेलेली, स्मरणशक्ती विरत चाललेली. आज आपण याला डिमेन्शिया म्हणू. अशा माणसाची जागा बदलली की गोंधळ आणखी वाढतो, कारण घरातला प्रत्येक कोपरा आठवणीचं थोडं काम करत असतो.

आता गंमत बघा. ही तीच आई, जिने मुलीने नर्स होऊ नये म्हणून वर्षानुवर्षं विरोध केला होता. आणि पुढची काही वर्षं हीच मुलगी लंडनमधली कामं बाजूला ठेवून महिनोन्‌महिने आईजवळ, ली हर्स्टच्या ओळखीच्या घरी राहायची. काम मागे पडतंय म्हणून त्या चिडायच्याही. जे घरी म्हाताऱ्या माणसाचं करतात त्यांना ही चिडचिड काय असते ते सांगायला नको. नव्वदी पार केलेली आई १८८० मध्ये गेली, तोवर मायलेकींमधलं जुनं भांडण बरंचसं विरघळलं होतं.

साठीनंतर त्यांची तब्येत उलट सुधारली. पुण्याची सार्वजनिक सभा, बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन यांच्याशी पत्रव्यवहार चालू होता. भारतात कधी पाऊल न ठेवता १८९४ मध्ये, वयाच्या ७४ व्या वर्षी, त्यांनी भारतातल्या खेड्यांच्या स्वच्छतेवर निबंध लिहिला.

पण नजर हळूहळू जात होती. १९०१ च्या सुमारास जवळपास काहीच दिसेनासं झालं. जिचं अख्खं आयुष्य पत्रं, अहवाल आणि आकडेवारीत गेलं, तिला आता दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागे. बहीण १८९० मध्येच गेलेली, सोबत काम केलेलेही बरेचजण गेलेले. मग आठवणही जायला लागली. शरीर, मन आणि गोतावळा एकामागोमाग थकत जातात, ते असं.

तरी एक गोष्ट गेली नाही. चरित्रकारांनी नोंदवलंय की त्यांच्यासाठी ठेवलेली नर्स रात्री त्यांना पांघरूण घालून झोपवायची आणि बाई कधीकधी हळूच उठून शेजारच्या खोलीत जायच्या, त्या नर्सलाच पांघरूण घालायला. डिमेन्शियात कालचं जेवण विसरलं जातं, पण पन्नास वर्षांपूर्वी हाताला लागलेली सवय पुष्कळदा टिकते. आपल्याकडेही बघा, नातवाचं नाव आठवत नाही पण मूठभर शेंगा दिल्या की आजी सोलायला बसते.

आणि नेमके याच काळात सन्मान आले. १९०७ मध्ये राजाने 'ऑर्डर ऑफ मेरिट' दिला, तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. पदक द्यायला राजाचा माणूस लंडनमधल्या त्यांच्या साऊथ स्ट्रीटच्या घरी आला, पण नेमकं काय चाललंय हे त्यांना पुरतं कळत नव्हतं. १९०८ मध्ये लंडन शहराचा मानाचा किताब मिळाला, तेव्हा सही करणंही अवघड झालं होतं.

१३ ऑगस्ट १९१० रोजी झोपेतच त्या गेल्या. सरकारने वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन करायची तयारी दाखवली होती. बाईंच्या इच्छेप्रमाणे नातेवाईकांनी नाही म्हटलं. हॅम्पशायरमधल्या ईस्ट वेलो गावात आईवडिलांशेजारी त्यांना पुरलं. तिथल्या दगडावर त्यांचं पूर्ण नावही नाही. 'एफ. एन.' एवढी आद्याक्षरं आणि जन्म-मृत्यूच्या तारखा.