विश्लेषण : पावडर कोटिंगच्या बूथमध्ये मायकल फॅरेडे रोज का भेटतात?

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातले लोखंडी कपाट घ्या किंवा अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत तयार होणारा एखादा इलेक्ट्रिक पॅनल. त्यावरचा एकसारखा, गुळगुळीत रंग बहुतेकदा पावडर कोटिंगचा असतो. परदेशातील हौशी नेमबाज तर घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्यांनाही हाच लेप देतात. या तंत्रामागचे विज्ञान समजून घ्यायचे, तर लंडनमधील एका लोहाराच्या मुलापर्यंत जावे लागते.

पावडर चिकटते कशी?

कोटिंग गनमध्ये साधारण ६० ते १०० किलोव्होल्टचा दाब असतो. त्यामुळे रंगाच्या कोरड्या कणांवर विद्युतभार येतो आणि अर्थिंग केलेल्या धातूकडे ते खेचले जातात. मग तो भाग भट्टीत सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअसला भाजला की पावडर वितळून पक्की बसते.

फॅरेडे कोण होते?

जन्म २२ सप्टेंबर १७९१. घरची परिस्थिती बेताची, शाळा जेमतेम. १४ व्या वर्षी ते बुकबाइंडरकडे उमेदवारीला लागले आणि बांधायला आलेली पुस्तके वाचून विज्ञान शिकले. १८१२ मध्ये त्यांनी हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली, त्याची टिपणे स्वतः बांधून त्यांनाच पाठवली. मार्च १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांना मदतनिसाची नोकरी मिळाली. गणिताचे फारसे शिक्षण नसलेल्या याच माणसाने १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तन शोधले. आजचे जनित्र आणि ट्रान्सफॉर्मर त्यावरच चालतात.

पिंजऱ्याचा प्रयोग काय होता?

१८३६ मध्ये त्यांनी १२ फूट लांब, रुंद आणि उंच असा लाकडी सांगाडा उभारून त्याला वाहक आवरण दिले. बाहेरून जोरदार विद्युतभार सोडला आणि स्वतः उपकरणे घेऊन आत बसले. आत काहीच जाणवले नाही. भार बाहेरच्या पृष्ठभागावरच राहतो, हे त्यातून सिद्ध झाले.

बॉक्सच्या आतल्या कोपऱ्यात पावडर नीट बसत नाही, ही कोटिंग करणाऱ्यांची रोजची तक्रार. कारण तेच. पावडर कडांवर साचते, खोबणी कोरड्या राहतात. यालाच ‘फॅरेडे केज इफेक्ट’ म्हणतात. अशा वेळी व्होल्टेज वाढवून उपयोग नसतो. ते कमी करावे लागते.

गोळीला लेप कशासाठी?

शिसे मऊ असते. नळीतून जाताना ते आत चिकटते, म्हणून पूर्वी गोळीला चरबी किंवा मेण लावत. पावडरचा भाजलेला थर तेच काम करतो आणि हाताळताना शिशाचा थेट स्पर्शही कमी होतो. मात्र ओतकाम करताना शिशापासून होणारा धोका तसाच राहतो. भारतात विनापरवाना दारूगोळा बनवणे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार गुन्हा आहे.

फॅरेडेंचा कोणता इशारा दुर्लक्षित राहिला?

सप्टेंबर १८४४ मध्ये इंग्लंडमधील हॅसवेल कोळसा खाणीत स्फोट होऊन ९५ जण दगावले. सरकारने फॅरेडे आणि भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायल यांना चौकशीसाठी पाठवले. लायल यांच्या आठवणीनुसार, खाणीत एका पोत्यावर बसून फॅरेडेंनी सुरुंगाची दारू कुठे ठेवता, असे विचारले. ते त्याच पोत्यावर बसले होते आणि जवळ मेणबत्ती जळत होती.

स्फोट वायूमुळे सुरू झाला तरी हवेत उडालेल्या कोळशाच्या धुळीने तो भडकला, असे दोघांनी अहवालात मांडले. त्याकडे फारसे लक्ष दिले गेले नाही. १९०६ मध्ये फ्रान्समधील कुरिएर खाणीत धुळीच्या स्फोटाने १,०९९ बळी घेतले.

आज त्याचे काय?

रंगाची पावडरही ज्वालाग्राही धूळच. हवेत ती ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त झाली आणि ठिणगी पडली, तर पेट घेते. हुकवर जुन्या रंगाचे थर चढले की अर्थिंग तुटते आणि टांगलेल्या भागावर भार साचून ठिणगी उडू शकते. म्हणून हुक खरवडणे, अर्थिंग तपासणे, एक्झॉस्ट चालू ठेवणे आणि साचलेली पावडर काढणे ही केवळ साफसफाई नाही. बूथमध्ये उभ्या असलेल्या कामगाराचा जीव त्यावर अवलंबून असतो.

फॅरेडे २५ ऑगस्ट १८६७ रोजी गेले. त्यांचा पिंजरा प्रत्येक इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवला जातो. हॅसवेलचा अहवालही तिथे शिकवायला हवा.